मधुमेहाच्या उंबरठ्यावर ताटातील पिष्टाचा हिशेब

वार्षिक आरोग्य तपासणीचा अहवाल हाती येतो. हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन अशा आकड्यांच्या रांगेत एका ओळीपुढे फुली असते : उपाशीपोटी रक्तशर्करा १०८. डॉक्टर सांगतात, 'मधुमेह नाही, पण सीमारेषेवर आहात. खाण्याकडे लक्ष द्या.' त्या तीन छोट्या वाक्यांवरून घरात मात्र चर्चेला तोंड फुटते. कुणी भात कायमचा बंद करायला सांगते, कुणी साखरेच्या जागी गूळ सुचवते, कुणी गव्हाची पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरायला सांगते. काही घरांत याच्या नेमके उलट घडते. 'आमच्याकडे सगळ्यांचीच साखर थोडी वर असते' असे म्हणून अहवाल कपाटात जातो आणि पुढची दोन-तीन वर्षे बाहेर निघत नाही.

घबराट आणि बेफिकिरी या दोन टोकांच्या मध्ये एक व्यवहार्य मार्ग आहे. रोजच्या जेवणात कर्बोदके, म्हणजे पिष्टमय पदार्थ आणि साखर मिळून, एकूण किती येतात याचा हिशेब मांडणे हा तो मार्ग. कोणता जिन्नस चांगला आणि कोणता वाईट, या वादात हा साधा हिशेबच बहुधा राहून जातो.

आधी आकडा नीट समजून घ्या

किमान आठ तास उपाशी राहून केलेल्या तपासणीत रक्तशर्करा १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ती सर्वसाधारण मानली जाते. १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचे निकष आहेत. यातील १०० ही खालची मर्यादा २००३ साली आली. त्यापूर्वी ती ११० होती. जागतिक आरोग्य संघटना आजही ११० हीच मर्यादा मानते. त्यामुळे १०८ हा आकडा एका निकषानुसार सावधगिरीचा इशारा ठरतो, तर दुसऱ्यानुसार ठरत नाही.

म्हणूनच एका आकड्यावर निष्कर्ष काढू नये. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिल्यानंतर दोन तासांनी केलेल्या चाचणीत १४० ते १९९ हा आकडा मधुमेहपूर्व अवस्था दर्शवतो. गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही चाचणी ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर तिचाही अर्थ तोच. मात्र शरीरात लोहाची कमतरता असल्यास एचबीएवनसी प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकते. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असल्याने हे ध्यानात ठेवावे. ताप, जंतुसंसर्ग किंवा स्टिरॉइडचे औषध चालू असताना केलेल्या तपासणीतही साखर चढलेली आढळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने चाचणी पुन्हा करून घ्यावी आणि ती प्रयोगशाळेतच करावी. बोटाला टोचून घरी केलेली तपासणी निदानासाठी पुरेशी नसते.

इशारा गंभीर का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत होते. म्हणजे उंबरठ्याच्या आत गेलेल्यांपेक्षा उंबरठ्यावर उभे असलेले अधिक आहेत.

या लोकांचे पुढे काय होते, याचे उत्तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून मिळते. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ग्लुकोज चाचणीत दोनदा बिघाड आढळलेल्या ५३१ भारतीय स्त्री-पुरुषांची त्यात निवड झाली होती. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या आहारात आणि व्यायामात पाठपुरावा करून बदल घडवला, त्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. जोखीम सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाली. दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरले नव्हते, तरीही हा फरक पडला. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच मोठ्या प्रयोगात वजन घटवण्यावर भर होता. तेथे जीवनशैलीतील बदलांमुळे जोखीम ५८ टक्क्यांनी घटली, तर मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी.

याचा अर्थ सरळ आहे. स्वस्थ बसणाऱ्यासाठी उंबरठ्यावरचा मुक्काम फार काळाचा नसतो, आणि मागे फिरण्याची वाट अजून बंद झालेली नसते.

सडपातळ माणसालाही धोका

'मी तर बारीक आहे, मला कशी साखर?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याचे उत्तर स्वतःच्याच शरीराच्या उदाहरणाने दिले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून मेदयुक्त अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते. स्नायू कमी आणि पोटाच्या पोकळीत मेद अधिक, असे हे गणित आहे. म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेच्या घेराकडेही पाहावे. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते.

स्नायू आणि मेद यांचा साखरेशी संबंध काय? भात, पोळी, पोहे, बटाटा यांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन हे ग्लुकोज प्रामुख्याने स्नायूंत पोहोचवते. स्नायू थोडे असतील किंवा ते इन्शुलिनला नीट दाद देत नसतील, तर ग्लुकोज रक्तात रेंगाळते. यकृतात मेद साठला असेल तर रात्रभर उपाशी असतानाही यकृत गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज रक्तात सोडत राहते. त्यामुळे रात्री हलके जेवूनही सकाळची साखर वाढलेली दिसते. स्वादुपिंड काही वर्षे जास्तीचे इन्शुलिन तयार करून ही तूट भरून काढते. ते थकू लागले की रक्तातील आकडा चढू लागतो. कर्बोदकांचे प्रमाण आवरण्याचा हेतू या थकत चाललेल्या ग्रंथीवरचा भार कमी करणे हा आहे.

नेमके किती कमी करायचे?

'इंडियाब' पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतीय माणूस दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी सरासरी ६२ टक्के कर्बोदकांतून मिळवतो आणि प्रथिनांतून केवळ १२ टक्के. याच पाहणीवर आधारलेल्या २०२२ मधील एका गणनेनुसार, मधुमेहपूर्व अवस्थेतून मागे फिरायचे असेल तर कर्बोदकांचा वाटा ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास आणि प्रथिनांचा १८ ते २० टक्के असावा.

टक्केवारी ताटात वाढता येत नाही. म्हणून हे ग्रॅममध्ये मांडून पाहू. दिवसाला १८०० उष्मांकांची गरज असलेल्या व्यक्तीच्या आहारात ६२ टक्के म्हणजे सुमारे २८० ग्रॅम कर्बोदके येतात आणि ५० टक्के म्हणजे २२५ ग्रॅम. फरक साधारण ५५ ग्रॅमचा. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात, म्हणजे छोट्या वाटीभर भातात, सुमारे २८ ग्रॅम. दोन कप चहात मिळून दोन लहान चमचे साखर असेल तर ८ ग्रॅम. एक पोळी, एक छोटी वाटी भात आणि चहातील साखर, एवढीच दिवसाची वजाबाकी आहे. यासाठी भात कायमचा वर्ज्य करण्याची किंवा पिष्टाला पूर्ण फाटा देणारा टोकाचा आहार घेण्याची गरज नाही.

ही वजाबाकी झाल्यावर भूक भागवायची ती प्रथिने आणि भाज्यांनी. येथे एक बारकावा आहे. डाळी-कडधान्यांत प्रथिनांबरोबर पिष्टही असते. तीस ग्रॅम तूरडाळीच्या घट्ट वरणात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात, तशीच १७-१८ ग्रॅम कर्बोदकेही येतात. म्हणून ताटात उसळीची एक वाटी वाढली की आणखी एक पोळी कमी करावी. कर्बोदके साधारण तेवढीच राहतील, परंतु प्रथिने दुप्पट होतील आणि चोथाही वाढेल. दही, पनीर, अंडी, मासे यांत कर्बोदके नगण्य किंवा अल्प असतात. दोन अंड्यांत १२-१३ ग्रॅम प्रथिने, तर शंभर ग्रॅम माशात १८ ते २० ग्रॅम. शाकाहारी कुटुंबांना पनीर, घट्ट दही, सोयाबीन आणि मूठभर शेंगदाणे यांचा आधार घेता येईल.

भाकरीविषयीचा गैरसमज

मधुमेहाचे नाव निघताच पोळी सोडून भाकरी धरण्याचा सल्ला महाराष्ट्रात सर्रास दिला जातो. ज्वारी, बाजरी, नाचणी ही उत्तम धान्ये आहेत. त्यांत चोथा आणि खनिजे भरपूर असतात, याविषयी दुमत नाही. पण भाकरी थापताना किती पीठ लागते, हे पाहावे. मध्यम आकाराच्या भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ सहज लागते आणि ज्वारीच्या पिठात कर्बोदके ७० टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणजे एका भाकरीत ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदके, जवळपास दोन पोळ्यांइतकी. दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या खाणारा माणूस पथ्य पाळतो आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचे पिष्ट दुपटीच्या जवळ गेलेले असते.

२०२५ च्या निष्कर्षांतील सर्वांत बोलका मुद्दा हाच आहे. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून केवळ पांढऱ्या धान्याच्या जागी गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ वापरल्याने मधुमेहाची जोखीम कमी झाल्याचे आढळले नाही. कर्बोदकांतून येणाऱ्या उष्मांकांपैकी पाच टक्के वनस्पतिजन्य किंवा दुग्धजन्य प्रथिनांकडे वळवल्यास मात्र जोखीम कमी असल्याचे दिसले. भाकरी अवश्य खावी. ती एक किंवा अर्धी असावी आणि तिच्याबरोबर झुणका, पिठले, पालेभाजी, ताक असावे.

न्याहारी, उपास आणि गोडधोड

आपली न्याहारी हा पिष्टाचा मोठा साठा असतो. साठ ग्रॅम सुक्या पोह्यांच्या बशीत सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि प्रथिने जेमतेम चार ग्रॅम. वर बटाटा घातला आणि सोबत साखरेचा चहा घेतला की आकडा साठाकडे जातो. पोहे सोडायचे नसतील तर प्रमाण निम्मे करावे आणि शेंगदाणे व मटार सढळ हाताने घालावेत. सोबत वाटीभर दही किंवा एक उकडलेले अंडे घ्यावे. पन्नास ग्रॅम मूगडाळीच्या धिरड्यांत कर्बोदके ३० ग्रॅम आणि प्रथिने १२ ग्रॅम मिळतात. अधूनमधून त्यांना संधी द्यावी. मिसळ आवडत असेल तर मटकीची उसळ वाढवून फरसाण आणि पाव कमी करावेत. एका लादीपावात साधारण एका पोळीइतके पिष्ट असते.

उपासाच्या दिवशी 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण रक्तशर्करेच्या बाबतीत शब्दशः खरी ठरते. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातून काढलेले जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये कर्बोदके ८५ ग्रॅमहून अधिक आणि प्रथिने नाममात्र. खिचडीत दाण्याचे कूट असल्याने साखर थोडी सावकाश चढते, पण बशीभर खिचडीवर बटाट्याची भाजी आणि साबुदाण्याचे पापड आले की त्याचा उपयोग उरत नाही. वरीच्या तांदळाचा थोडा भात व दाण्याची आमटी, राजगिरा, दही-काकडी, ताक असा उपास तुलनेने हलका पडतो.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घेणे ही निव्वळ समजुतीची गोष्ट आहे. गुळात सुमारे ८५ टक्के आणि मधात सुमारे ८० टक्के कर्बोदके असतात आणि ती बहुतांश साखरेच्याच रूपात असतात. वेष्टनावर 'शुगर फ्री' असे छापलेली बिस्किटेही अनेकदा मैद्याचीच असतात. मैदा हेही पिष्टच. त्यावर साखर घातलेली नाही, एवढाच त्या शब्दांचा अर्थ.

फळांचे तसे नाही. फळातील साखरेबरोबर चोथा आणि पाणी येते; रस काढला की चोथा गाळला जातो आणि साखर वेगाने चढते. एका मध्यम हापूस आंब्याच्या गरात साधारण एका पोळीइतकी कर्बोदके असतात. आंब्याच्या दिवसांत जेवणात एक पोळी कमी करून आंबा चिरून खाल्ला तर हिशेब जुळतो. आमरसाच्या दोन वाट्या आणि पाच-सहा पुऱ्या यांचा हिशेब मात्र कुठेच जुळत नाही.

जेवणाचा क्रम आणि शतपावली

काय खावे याबरोबर कोणत्या क्रमाने खावे, यालाही महत्त्व आहे. न्यूयॉर्कमध्ये मधुमेही रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, भाज्या व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची साखर बरीच कमी चढल्याचे दिसून आले. आपल्या ताटात डाव्या बाजूला चिमूटभर वाढली जाणारी कोशिंबीर वाटीभर घ्यावी आणि जेवणाची सुरुवात तिने करावी. त्यानंतर भाजी, उसळ वा आमटी. पोळी-भात सर्वांत शेवटी. भाताची दुसरी वाढ घेण्याची इच्छा तोवर बहुधा ओसरलेली असते.

जेवणानंतरच्या शतपावलीलाही शास्त्रीय आधार आहे. चालताना आकुंचन पावणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील ग्लुकोज ओढून घेतात. दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे शहरातल्या कोणत्याही सोसायटीच्या आवारात शक्य आहे. याशिवाय आठवड्यात किमान १५० मिनिटे वेगाने चालणे आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम असावा.

दिवसातून दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी थोडे खावे, हा वाद महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी चांगलाच रंगला होता. आपल्या दिनक्रमाला जे झेपेल ते करावे. मात्र दोन जेवणांत मिळून तेवढेच पिष्ट खाल्ले किंवा दर दोन तासांनी बिस्किटे आणि खाकरे तोंडात टाकले, तर कोणतीच पद्धत उपयोगी पडत नाही.

संपूर्ण घराचे ताट

सीमारेषेवरच्या व्यक्तीसाठी वेगळा स्वयंपाक करण्याचे कारण नाही. वर सांगितलेले बदल घरातील सर्वांनाच उपकारक आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सर्वसामान्यांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही तृणधान्यांतून येणारे उष्मांक ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले आहे. शिवाय मधुमेहाची प्रवृत्ती कुटुंबात असते. आज वडिलांच्या अहवालावर असलेली फुली उद्या मुलाच्या अहवालावर उमटू शकते. अनेक घरांत पथ्य पुरुषाचे असते आणि उरलेला भात संपवण्याचे काम गृहिणीकडे येते. गर्भारपणात साखर वाढलेल्या स्त्रियांना तर पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका अधिक असतो. ताटाचा हिशेब त्यांनाही लागू आहे.

काहींनी मात्र स्वतःच्या मनाने बदल करू नयेत. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी एकदम पिष्ट कमी केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना प्रथिने वाढवणे अपायकारक ठरू शकते. गर्भवती स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले आणि कृश झालेले वृद्ध यांनीही डॉक्टरांचा किंवा आहारतज्ज्ञांचा सल्ला घेऊनच पाऊल उचलावे. वजन कारण नसताना उतरत असेल, वारंवार तहान व लघवी लागत असेल, तर आहाराचे प्रयोग करत न बसता लगेच तपासणी करावी.

एचबीएवनसी चाचणी मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगत असल्याने ताटातील बदलाचा परिणाम आठवडाभरात शोधू नये. तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी आणि त्यानंतर निदान वर्षातून एकदा. आकडा उतरला तर बदल थांबवू नयेत, कारण जुने ताट परतले की साखरही परतते. आकडा न उतरल्यास औषधाची गरज आहे का, हे डॉक्टर ठरवतील. तोवर कपाटातला तो अहवाल बाहेर काढावा, त्यावरची तारीख पाहावी आणि पुढच्या तपासणीची तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.